जामसावळीला येणाऱ्या आजाऱ्याला काय हवंय?

मध्य प्रदेशातल्या सौंसर तालुक्यात जाम नदीच्या काठी जामसावळी आहे. इथला हनुमान पिंपळाखाली निजलेला आहे. मूर्तीच्या नाभीतून पाझरणारं पाणी तीर्थ म्हणून घेतलं की बाधा उतरते, ही श्रद्धा सातपुड्याच्या या बाजूला आणि विदर्भात दूरवर पसरलेली आहे. मंगळवारी-शनिवारी येणाऱ्या गर्दीत नवस फेडणारे असतात, लेकराबाळांना घेऊन सहज दर्शनाला आलेले असतात. काही कुटुंबं मात्र आपलं एखादं माणूस धरून आणतात: रात्र-रात्र न झोपणारी सून, एकटाच बडबडणारा मुलगा, जेवण टाकून बसलेला बाप. त्यातली काही घरं आवारातच मुक्काम करतात. अशा माणसांकडे पाहण्याच्या दोन रीती आपल्याकडे तयार आहेत. एक म्हणते, ही अंधश्रद्धा आहे, यांना उचलून दवाखान्यात न्या. दुसरी म्हणते, देवाच्या दारी आलेत, आता देव बघून घेईल. या माणसाला नेमकं काय हवंय, हे विचारण्याची तसदी दोघीही घेत नाहीत. माझं म्हणणं असं आहे की आजाऱ्याची मानसिक, सांस्कृतिक आणि आध्यात्मिक गरज एकत्र विचारली तरच त्यातली एखादी तरी नीट कळते. आणि सौंसर-पांढुर्ण्यापुरतं बोलायचं तर हे विचारण्याची जागा सरकारी रुग्णालयाइतकीच जामसावळीही आहे.

लोक तिथे का जातात, याचं उत्तर नुसत्या श्रद्धेत सापडणार नाही. त्यासाठी थोडा नकाशा पाहावा लागतो. नागपूरचं मनोरुग्णालय 1864 सालचं. तेव्हा आणि पुढे जवळजवळ शतकभर छिंदवाडा जिल्हा आणि नागपूर एकाच प्रांतात होते. सौंसरच्या माणसाला नागपूर ही आपलीच राजधानी होती. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची फेररचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा नव्या मध्य प्रदेशात राहिला. घरात मराठी, कचेरीत हिंदी, बाजार आणि सोयरीक नागपूर-वरुडकडे, आणि सरकारी कागद भोपाळकडे, अशी या पट्ट्याची घडी तेव्हापासूनची आहे. मध्य प्रदेशातली मोठी सरकारी मनोरुग्णालयं इंदूर आणि ग्वाल्हेरला आहेत. पांढुर्ण्याहून ती शेकडो किलोमीटरवर. नागपूर मात्र शंभरच्या आसपास. छिंदवाड्याला 2019 पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि ऑक्टोबर 2023 मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, सौंसर त्यातच आलं, त्यामुळे वाट थोडी सुधारली. तरी आपल्या बोलीत, पत्र न मागता, नंबर न लावता, रात्रीदेखील ज्या दारात माणसाला नेता येतं असं दार जामसावळीचंच. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निवडलेल्या 12 राज्यांत मध्य प्रदेश होता. देशभरात सुमारे 10.6 टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार होता, आणि आजारागणिक 70 ते 92 टक्के रुग्णांना उपचार मिळालेले नव्हते. या आकड्यातली माणसं हवेत विरत नाहीत. ती कुठे तरी जातात. कुठे जातात, हे पाहिल्याशिवाय आरोग्यखात्याची गरजांची मोजणी अर्धीच राहते.

आता विचारायचं म्हणजे काय विचारायचं? वैद्यकात याचा विचार बराच आधी सुरू झाला. मानसोपचारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी 1970 च्या दशकाच्या अखेरीस डॉक्टरांपुढे काही साधे प्रश्न ठेवले: तुमच्या मते हे कशामुळे झालं? आत्ताच का झालं? तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते? कोणत्या उपचारानं बरं वाटेल असं वाटतं? पुढे 2013 साली अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत याच धर्तीवर 16 प्रश्नांची सांस्कृतिक मुलाखत आली. ती अनेक देशांत तपासून पाहिली गेली आणि त्यात आपलं पुणंही होतं. आध्यात्मिक बाजूसाठी अमेरिकेतल्या डॉ. क्रिस्टीना पुचाल्स्की यांनी 1996 च्या सुमारास चार मुद्द्यांची प्रश्नावली बसवली: श्रद्धा कोणती, तिला आयुष्यात जागा किती, सोबत कोणता समाज आहे, आणि उपचारात तिची दखल कशी घ्यावी. हे सगळे प्रश्न ऐकायला सोपे वाटतात. अवघड भाग पुढचा आहे: उत्तर ऐकल्यावर उपचार बदलला पाहिजे. केसपेपरवर 'धर्म: हिंदू, भाषा: मराठी' एवढं लिहून जो रकाना भरला जातो, त्यानं गोळीची वेळसुद्धा बदलत नाही. समजा, पांढुर्ण्याजवळच्या खेड्यातली एक बाई छातीत धडधड, हातापायाला मुंग्या आणि झोप उडाल्याची तक्रार घेऊन येते. मनाचं विचारलं तर ती म्हणते, मनाला काही नाही. बाहेरचं काही आहे का, असं विचारलं तर ती गप्प होते. मग हळूच सांगते की दीर गेल्यापासून हे सुरू झालं, त्याचे दिवस नीट झाले नाहीत, आणि घरचे म्हणतात तोच त्रास देतोय. या एका उत्तरात आजाराचं वळण आहे, शोक आहे, घरातला धाक आहे आणि राहून गेलेल्या विधीची बोचणी आहे. यातलं एक वेगळं काढून तपासायला घेतलं तर बाकीचं हातातून निसटतं.

मनाचं काही नाही असं माणूस का म्हणतो, यावर भारतात चांगला पुरावा आहे. संशोधक रघुराम, मिचेल वाइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगळुरूत केलेल्या आणि 1996 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की नैराश्याची लक्षणं जास्त असलेल्यांना लोकलाज अधिक भेडसावत होती. शरीराच्या तक्रारी सांगणाऱ्यांना तेवढी नाही. अंग दुखतं म्हणणाऱ्याची सोयरीक मोडत नाही, उदास वाटतं म्हणणाऱ्याची मोडू शकते. तेव्हा सांस्कृतिक गरज म्हणजे सणवार आणि खाणंपिणं एवढ्यावर थांबून चालत नाही. आपलं दुखणं कोणत्या शब्दांत मांडलं तर आपली अब्रू शाबूत राहील, ही तिच्यातली सगळ्यात मोठी बाब आहे. लोकांच्याच शब्दांत विचारण्याचा प्रत्यक्ष फायदा कसा होतो ते पाहायला फार लांब जायला नको. पांढुर्ण्याला लागूनच अमरावती जिल्हा आहे. तशाच संत्र्याच्या बागा, तसाच कापूस, तेच कर्जाचं ओझं. तिथल्या 30 गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प राबवला गेला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी लोकांशी ताणतणावाच्या भाषेत बोलायचं, नैराश्य ओळखायचं, समुपदेशकाकडे आणि गरज पडली तर डॉक्टरकडे पोचवायचं, अशी त्याची रचना होती. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण 18 महिन्यांत 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं, आणि आत्महत्येचे विचार सांगणाऱ्यांचं प्रमाण 5.2 वरून 2.5 टक्क्यांवर आलं. तुलनेसाठी वेगळी गावं त्यात नव्हती, म्हणून हे सगळं प्रकल्पाचंच श्रेय असं ठामपणे म्हणता येत नाही. पण मदत घेणारे सहापट व्हावेत, हा फरक किरकोळ नाही. विचारणाऱ्याची भाषा आणि त्याची गावातली ओळख त्यामागे असणार, असं मला वाटतं.

देवळाबद्दलचा पुरावा याहून गुंतागुंतीचा आहे, म्हणून तो घाईनं वाचू नये. तमिळनाडूत मुथुस्वामींच्या नावाच्या एका देवस्थानात मानसिक रुग्ण मुक्कामाला राहतात. रघुराम आणि सहकाऱ्यांनी तिथल्या 31 जणांची येताना आणि जाताना तपासणी केली. बहुतेकांना स्किझोफ्रेनिया होता. सरासरी सहा आठवड्यांच्या मुक्कामात औषध नसताना लक्षणांचा गुणांक जवळपास 20 टक्क्यांनी उतरला. हा निष्कर्ष 2002 साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. काही औषधांच्या चाचण्यांत दिसतो तेवढा हा उतार आहे. पण रुग्ण थोडे होते, तुलनेचा गट नव्हता, आणि गावी परतल्यावर पुढे काय झालं ते या अभ्यासातून कळत नाही. यावरून देव आजार बरा करतो असा निष्कर्ष काढणं चूक आहे. मारहाण नाही, घरचं एक माणूस सतत सोबत, रोजची ठरलेली छोटी कामं आणि कुणी हिणवत नाही अशी जागा, एवढ्यानंसुद्धा तीव्र आजाराचा माणूस काहीसा सावरतो, एवढं त्यातून दिसतं. हे सगळं देवळाबाहेरही देता येईल. आपण देत नाही, ही वेगळी गोष्ट.

उलट बाजूचा पुरावा घानातून येतो. तिथल्या एका प्रार्थना-छावणीत 139 रुग्णांवर चाचणी झाली, 2018 साली ती प्रसिद्ध झाली. अर्ध्यांना छावणीतल्या प्रार्थनेबरोबर औषधं मिळाली, उरलेल्यांना नुसती प्रार्थना. औषधं घेणाऱ्यांची लक्षणं स्पष्टपणे कमी झाली. मात्र साखळीत काढलेले दिवस दोन्ही गटांत सारखेच राहिले. माणूस बरा होत होता तरी त्याला बांधूनच ठेवलं जात होतं. मला या सगळ्या अभ्यासांत हा निकाल सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण आजार मोजला म्हणजे माणसाची गरज मोजली, हा समज त्यानं मोडून काढला. पुढे 2020 साली नायजेरिया आणि घानात 307 रुग्णांवरच्या मोठ्या चाचणीत पारंपरिक उपचारक आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातले कर्मचारी यांनी एकत्र काम केलं, तेव्हा सहा महिन्यांनी लक्षणांत नेहमीच्या व्यवस्थेपेक्षा चांगली सुधारणा दिसली. म्हणजे नुसतं देऊळ अपुरं, नुसती गोळी अपुरी, आणि दोन्ही शेजारी ठेवली की आपोआप सगळं जमतं असंही नाही. मध्ये कुणी तरी रोज विचारणारा लागतो: आज औषध घेतलं का, बांधलं होतं का, घरी जायचंय का?

देवळात असा विचारणारा बसवण्यावरचा पहिला आक्षेप गंभीर आहे आणि तो घेणाऱ्यांचा मला आदर वाटतो. देवळात आरोग्य कर्मचारी बसवले तर बाधा, करणी, अंगात येणं या कल्पनांवर सरकारी शिक्का बसेल. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आयुष्यभर ज्याच्याशी झुंज दिली, त्यालाच आपण मागच्या दारानं आत घेऊ. 6 ऑगस्ट 2001 रोजी तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळच्या एका आश्रयगृहात आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेले मनोरुग्ण जळून गेले. मृतांचा आकडा 28 वर पोचला. ते स्मरण ज्याला आहे त्याला देवस्थान आणि मनोरुग्ण हे शब्द शेजारी आले की धास्ती वाटणारच. पण एरवाडीच्या त्या घरात कुणी रुग्णाची गरज विचारायला जात नव्हतं. सरकारनं आणि वैद्यकानं अशा जागांकडे पाठ फिरवली, म्हणून साखळ्या तिथे इतकी वर्षं टिकल्या. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 नं कोणत्याही प्रकारे साखळीनं बांधण्यावर बंदी घातली आहे आणि तो कायदा सौंसरलाही तेवढाच लागू आहे. महाराष्ट्राचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा मात्र राज्याच्या सीमेवर थांबतो. आजाऱ्याला वरुड-काटोलहून आणलं तरी जामसावळीत तो कामाचा नाही. अशा ठिकाणी रोज हजर असलेला परिचारक किंवा समाजसेवक हाच कायद्याचा डोळा असतो. त्यानं भुताच्या गोष्टीला होकार भरायची गरज नाही. तुम्हाला असं वाटतं हे मी ऐकलं, आणि माझ्या मते झोपेसाठी हे औषध आजच सुरू केलं पाहिजे, अशी दोन वाक्यं एकामागून एक बोलता येतात. तीर्थ घ्यायला हरकत नाही. तीर्थासाठी गोळी बंद करायला, उपाशी ठेवायला, बांधायला किंवा मारायला पूर्ण हरकत आहे. या रेषेबाबत घासाघीस नको.

प्रथेला मान्यता न देता माणूस जिथे आहे तिथे उपचार पोचवायचा, हे तत्त्व या जिल्ह्याला नवीन नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार होते. जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवून त्यावर झेंडा लावतात आणि एका काठावरून पांढुर्णा, दुसऱ्या काठावरून सावरगाव असे दगड चालतात. दरवर्षी शेकडो जखमी होतात, माणसं मेलीही आहेत. प्रशासनानं दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, लोकांनी ते बाजूला सारून दगडच उचलले. तेव्हापासून प्रशासन मनाई करतं, समजावतं, पोलीस लावतं, आणि त्याचबरोबर काठावर वैद्यकीय शिबिरं उभी करतं. त्या शिबिरांमुळे गोटमारीला मान्यता मिळाली असं डॉक्टरांना कुणी म्हणत नाही. डोकं फुटलेला माणूस तिथे असतो म्हणून डॉक्टर तिथे असतात. दिसणाऱ्या जखमेला जो न्याय, तोच न दिसणाऱ्या जखमेला लावावा, एवढंच मागणं आहे. गुजरातेत उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात 2008 पासून 'दवा आणि दुवा' नावानं असं काम चालू झालं: दर्ग्याचे मुजावर रुग्णाला आवारातल्याच मानसोपचार केंद्राकडे पाठवतात. ऑगस्ट 2023 मध्ये जामसावळीला 'श्री हनुमान लोक' या 314 कोटींच्या योजनेचं भूमिपूजन झालं. एवढ्या बांधकामात मंदिराच्या वाटेवर एक खोली, आठवड्यातून दोन दिवस मानसोपचारतज्ज्ञ आणि रोज एक प्रशिक्षित मराठी-हिंदी बोलणारी परिचारिका, हा खर्च जाणवणारसुद्धा नाही.

दुसरा आक्षेप वेगळ्या दिशेनं येतो आणि त्यात मला अधिक तथ्य दिसतं. संस्कृती विचारायची म्हणजे कुणाची? घेऊन येणाऱ्याची की आणलेल्याची? सासरे म्हणतात बाधा आहे, नवरा म्हणतो हट्ट आहे, आणि सून काहीच बोलत नाही. महाराष्ट्रातल्या एका महानुभाव मंदिरात मानववंशशास्त्रज्ञ व्हिएदा स्कल्टन्स यांनी 1980 च्या दशकात केलेल्या अभ्यासात दिसलं की घरातलं आजारपण पुष्कळदा बाईच अंगावर घेते. तिच्या अंगात येतं ते बऱ्याचदा कुटुंबातल्या दुसऱ्याच माणसासाठी. अंगात आल्यावर ती जे बोलते, ते एरवी तिला त्या घरात बोलता येत नाही. अशा बाईची सांस्कृतिक गरज घरच्यांना विचारून लिहिली तर तिच्या दुःखाच्या कारणालाच आपण तिची संस्कृती ठरवू. म्हणून एकटीला, नातेवाइकांना बाहेर बसवून विचारलेला प्रश्न हा मूल्यमापनाचा अनिवार्य भाग मानला पाहिजे. गोंड कुटुंबांबाबतही तसंच. ती पडिहार किंवा भुमका या आपल्या पारंपरिक जाणकारांकडे आधी जातात, त्यांची दैवतं वेगळी, मृतांशी नातं वेगळं. हनुमानाच्या आवारात भेटले म्हणून त्यांना मराठी हिंदू साच्यात बसवणं म्हणजे पुन्हा न विचारणंच झालं. आणि एखादा तरुण म्हणाला की माझा यातल्या कशावर विश्वास नाही, मला आईनं आणलं, तर त्याची आध्यात्मिक गरज शून्य लिहायलाही हात कचरता कामा नये. 2017 च्या कायद्याचं तिसरं कलम सांगतं की व्यक्तीचा धर्म वा जात-समूह, किंवा समाजातल्या प्रचलित श्रद्धा-मूल्यांशी तिचं न जुळणं, या आधारावर मानसिक आजार ठरवता येणार नाही. श्रद्धेबद्दल विचारायचं ते निदानासाठी नाही, आधार कुठे आहे आणि धाक कुठे आहे हे कळण्यासाठी. आणि विचारण्याआधी उत्तर न देण्याची मोकळीक सांगायची.

वेळ नाही, ही तक्रार खरी आहे. बाह्यरुग्ण विभागात शंभर माणसं उभी असताना डॉक्टर सोळा प्रश्न विचारू शकत नाही, आणि त्यानं विचारावेत असा माझा आग्रहही नाही. आशा कार्यकर्ती, परिचारिका, समाजसेवक यांनी चार-पाच प्रश्न विचारून डॉक्टरला दोन ओळी लिहून द्याव्यात: काय झालं असं रुग्णाला वाटतं, आधी कुठे-कुठे नेलं, घरात कोणावर भरवसा आहे, कशाची भीती आहे, आणि औषधाबरोबर काय चालू ठेवायचं आहे. या दोन ओळी नसल्या तर काय होतं ते पाहा. तपासण्या पुन्हा-पुन्हा होतात, गोळ्या पंधरा दिवसांत बंद पडतात, रुग्ण सहा महिन्यांनी आणखी बिघडून येतो. सायकोसिसमध्ये उपचार जितका उशिरा, तितकं सावरणं अवघड, हे जगभरच्या अभ्यासांतून पुन्हा-पुन्हा दिसलं आहे. वाचवलेली पाच मिनिटं अशा ठिकाणी फार महाग पडतात.

विचारून झालं, दोन ओळी लिहिल्या, औषध सुरू झालं, तरी या पट्ट्यात एक अडचण उरतेच, आणि ती सीमेची आहे. नागपूरला दाखवलेल्या सौंसरच्या रुग्णाची गोळी सौंसरच्या सरकारी औषधखान्यात मिळेलच असं नाही. नागपूरचा कागद मराठीत किंवा इंग्रजीत, इथली नोंद हिंदीत. जामसावळीत सापडलेला आजारी काटोलचा असेल तर त्याची पुढची जबाबदारी महाराष्ट्राच्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची, आणि त्या कार्यक्रमाला तो सापडल्याचा पत्ताच लागत नाही. दोन्ही राज्यांचे आरोग्य विभाग एकाच केंद्रीय कार्यक्रमाखाली काम करतात. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांकही दोन्हीकडे एकच आहे आणि त्यावर आपली भाषा निवडता येते. तेव्हा जामसावळीची खोली ही पांढुर्णा, नागपूर आणि अमरावती या तिन्ही जिल्ह्यांची मिळून असावी: दोन भाषांतलं एकच उपचारकार्ड, तिन्ही ठिकाणी मिळतील अशी नेमकी दहा-बारा औषधं, आणि रुग्ण घरी परतला की त्याच्या गावच्या आशाला त्याच आठवड्यात जाणारा एक फोन.